पलीकडच्या बाजूसाठी मागणं

देवा, चंद्राची जी बाजू पृथ्वीवरून कधीच दिसत नाही, तिथल्या एका विवराचं नाव घेऊन मी आज तुझ्यापुढे उभी आहे.

विवर फार मोठं नाही. या काठापासून त्या काठापर्यंत सुमारे 15 किलोमीटर. चंद्रावर याहून मोठी विवरं हजारोंनी सापडतील. हे दक्षिण गोलार्धात, अपोलो नावाच्या गोल खोऱ्यात आहे. अपोलोचाच व्यास सुमारे 500 किलोमीटर, आणि ते अपोलो पुन्हा दक्षिण ध्रुव-एटकेन या महाखोऱ्यात बसलेलं, ज्याचा विस्तार जवळजवळ अडीच हजार किलोमीटर. एका घावाच्या पोटात दुसरा घाव, त्याच्या पोटात तिसरा. या तिसऱ्याला 2006 साली चावला हे नाव मिळालं. हरियाणातल्या कर्नालची कल्पना चावला. 1 फेब्रुवारी 2003 ला कोलंबिया यान वातावरणात परतताना टेक्ससच्या आकाशात फुटलं, तेव्हा ती आणि तिचे सहा सोबती गेले. जमिनीला टेकायला 16 मिनिटं उरली होती.

ते सहाही जण तिथेच आहेत, तिच्या आजूबाजूच्या विवरांत. रिक हजबंड, विल्यम मॅककूल, मायकल अँडरसन, डेव्हिड ब्राऊन, लॉरेल क्लार्क, इलान रॅमन. मी एकेक नाव तुझ्यापुढे उच्चारते, कारण आमच्याकडे गेलेल्याचं नाव घेऊनच पाणी सोडतात.

आम्ही माणसांनी पिढ्यान् पिढ्या चंद्राची एकच बाजू पाहिली. संकष्टीला उपास सोडण्याआधी आमच्या आया-आज्या ज्याची वाट पाहत गच्चीवर उभ्या राहिल्या, तो याच बाजूचा चंद्र. त्याला आमच्याभोवती एक फेरी घालायला 27 दिवस आणि काही तास लागतात, आणि तेवढ्याच वेळात तो स्वतःभोवती एकदा फिरतो, म्हणून त्याचं तोंड सदैव आमच्याकडे. थोडा डुलतो, त्यामुळे शंभरातले 59 भाग आलटून-पालटून दिसतात. उरलेला भाग पहिल्यांदा दिसला तो 7 ऑक्टोबर 1959 ला सोव्हिएत संघाच्या ल्यूना 3 यानाने टिपलेल्या पुसट चित्रांत. माणसाच्या डोळ्यांनी ती बाजू पाहायला 24 डिसेंबर 1968 उजाडावा लागला; अपोलो 8 मधून फ्रँक बोरमन, जिम लव्हेल आणि बिल अँडर्स तिथून गेले. त्याआधीची सगळी युगं ती बाजू एकट्या तुझ्या नजरेखाली होती.

आणि तू तिला अंधारात ठेवलं नव्हतंस. आमची अमावास्या असते तेव्हा तिथे ऊन असतं. लक्ष्मीपूजनाच्या रात्री आम्ही उंबऱ्यावर पणत्या लावतो, आकाश रिकामं आहे असं म्हणतो, आणि त्याच वेळी कल्पनाच्या विवरात सूर्य तळपत असतो. सुमारे चौदा दिवस ऊन, मग तितकीच लांब रात्र, उणे 100 अंशांच्याही खाली गेलेली. आम्ही पाहत नव्हतो म्हणून तिथल्या उजेडात तू काही कमी केलं नाहीस. त्याबद्दल आधी तुझे आभार मानते, मागणं नंतर.

ते विवर कसं झालं असेल ते मी मनाशी पाहते. सेकंदाला पंधरा-वीस किलोमीटर वेगाने एक दगड आला असेल, किलोमीटरभर रुंदीचा. चंद्रावर हवा नाही, त्यामुळे तो वाटेत पेटला नाही, गरजला नाही. टेकला त्या क्षणी तो स्वतःच वितळून वाफ झाला, आणि त्याच्याखालची जमीन उसळून बाहेर फेकली गेली. मिनिटा-दोन मिनिटांत सगळं संपलं. खोल खड्डा, उंचावलेला काठ, भोवती फेकलेल्या दगडमातीचं रिंगण. तिथे वारा नाही, पाऊस नाही, झाडाचं मूळ नाही, मुंगी नाही. झालेला घाव बुजवायला कुणी येत नाही. बारीक उल्कांचा मारा त्याची धार हळूहळू बोथट करत राहतो, तेवढंच, आणि त्यालाही कोट्यवधी वर्षं लागतात.

मी बुलढाण्याकडची. आमच्या लोणारलाही असाच दगड आला होता, काळ्या बेसॉल्टच्या खडकात. विवर सुमारे 1.8 किलोमीटर रुंद. पण पृथ्वीवर तू पाणी ठेवलंस. ते विवर भरलं, त्याचं खारं सरोवर झालं, उतारावर रान माजलं, मोर आले. काठाशी कमळजादेवी येऊन बसली आणि गावात दैत्यसूदनाचं देऊळ उभं राहिलं. विष्णूने लवणासुराला मारलं ती हीच जागा, असं आमच्याकडे सांगतात. जिथे घाव बसला तिथे लोकांनी तुझं नाव ठेवलं. चंद्राच्या त्या बाजूला देऊळ बांधायला कुणी नव्हतं, म्हणून आम्ही लांबूनच, नकाशावर, माणसांची नावं ठेवली.

त्या माणसांना ज्याने मारलं तोही एक आघातच होता, म्हणून माझं मन तिथून हलत नाही. 16 जानेवारी 2003 ला कोलंबिया निघालं. 82 सेकंदांनी बाहेरच्या मोठ्या इंधनटाकीवरच्या फोमचा एक तुकडा सुटला आणि डाव्या पंखाच्या पुढच्या कडेवर आदळला. फोम, देवा! लहान सुटकेसएवढा तुकडा, वजन किलोभरही नाही. पण यान आणि तो तुकडा यांच्या वेगात त्या क्षणी ताशी 800 किलोमीटरहून जास्त फरक होता. पुढे जुलैमध्ये चौकशी करणाऱ्यांनी तसाच तुकडा तोफेतून तशाच पंखाच्या कडेवर सोडून पाहिला, तेव्हा जवळजवळ हातभर भगदाड पडलं. परतीच्या वाटेवर तापलेली हवा अशाच भगदाडातून आत शिरली आणि पंख आतून वितळत गेला.

यानातल्या सात जणांना ते दिसत नव्हतं. त्यांच्या खिडक्यांतून पंखाची ती कड दिसतच नाही, आणि पाहायला जाता येईल असा यांत्रिक हात त्या खेपेला बरोबर नेलेला नव्हता. सोळा दिवस ते पृथ्वीभोवती फिरत राहिले, दोन पाळ्या करून चोवीस तास प्रयोग करत राहिले. कल्पना आपल्या पाळीत उठत होती, कामाला लागत होती, जेवत होती, झोपत होती. आणि तो सगळा वेळ ते भगदाड तिच्यापासून हाकेच्या अंतरावर होतं.

खाली जमिनीवर काही जणांच्या मनात शंका होती. उड्डाणाच्या चित्रफितीत त्यांनी तो तुकडा आदळताना पाहिला होता. लष्कराच्या उपग्रहांकडून, दुर्बिणींकडून पंखाचं चित्र मिळवा, अशी विनंती झाली, एकदा नव्हे, तीनदा. चित्र काही घेतलं गेलं नाही. यानातल्यांना निरोप गेला की तुकडा लागला आहे, पण काळजीचं कारण नाही. आधीच्या उड्डाणांतही फोम सुटला होता आणि यानं सुखरूप परतली होती, त्यामुळे सगळ्यांना त्याची सवय झाली होती. ऑगस्ट 2003 च्या चौकशी अहवालाने स्पष्ट लिहिलं की जेवढा दोष फोमचा, तेवढाच संस्थेच्या कामाच्या रीतीचा.

इथे माझं पहिलं मागणं आहे. ज्यांनी विचारलं आणि नकार आल्यावर जे गप्प बसले, त्या अभियंत्यांना शांत झोप लागू दे. अजून एकदा विचारायला हवं होतं, दार ठोठावायला हवं होतं, हे त्यांच्यातल्या कुणाच्या मनात इतक्या वर्षांनीही येत असेल, तर त्या रात्री तू त्याच्या उशाशी बस. ज्यांनी गरज नाही म्हटलं, त्यांच्यासाठीही मागते. ते दुष्ट नव्हते. वेळापत्रक डोक्यावर होतं आणि आजवर काही झालं नाही हा आधार हाताशी होता. तो आधार किती पोकळ असतो, ते आम्हाला वेळेवर दाखव. आमच्या प्रत्येक कारखान्यात, धरणावर, रेल्वेच्या यार्डात, शस्त्रक्रियेच्या खोलीत असा एक माणूस असतो, जो म्हणतो, साहेब, एकदा बघून घेऊ या. बहुधा तो हुद्द्याने लहान असतो आणि सगळ्यांना उशीर झालेला असतो. त्याच्या जिभेला बळ दे. आणि खुर्चीतल्या माणसाला खुर्ची सोडून जाऊन बघायची बुद्धी दे.

पंख वेळेत पाहिला असता तर ते वाचले असते का, हा प्रश्न मी तुला अनेकदा विचारला आहे. अटलांटिस यान तयारीत होतं, ते घाईने पाठवून सात जणांना उतरवून घेता आलं असतं, अशी शक्यता अहवालाने तपासली. धोक्याची, पण अशक्य नव्हे, असं त्यात लिहिलं आहे. एवढं वाचलं की मला तुझा राग येतो. मग लक्षात येतं की न पाहण्याचा निर्णय माणसांनी घेतला होता. आमच्या हातून राहिलेलं काम तुझ्या इच्छेच्या नावावर टाकायची सवय मला आहे. ती मोड.

पूर्व टेक्ससच्या पाइनच्या रानात त्या फेब्रुवारीत आणि पुढे वसंतातही हजारो माणसं रांग धरून चालत होती. काटेरी वेलींतून, ओढ्यांतून, चिखलातून, नजर जमिनीवर ठेवून. 84 हजारांच्या आसपास तुकडे गोळा झाले, आणि तरी ते यानाच्या शंभरातले चाळीस भागही भरले नाहीत. हेम्फिल नावाच्या लहान गावातले लोक त्या शोधणाऱ्यांसाठी रोज रांधत होते. जिथे देहाचे अवशेष सापडत, तिथे काम थांबवून गावातला पाद्री प्रार्थना म्हणे. अवशेष कुणाचे हे त्याला ठाऊक नसे. कर्नालच्या मुलीचे, इस्रायलच्या वैमानिकाचे की त्याच्याच धर्माच्या कुणाचे, हे कळायची वाट न पाहता तो म्हणे. देवा, त्याची प्रार्थना तू ऐकलीच असशील. मी त्याच्या मागे, त्या ओल्या पानांवर उभी राहून हात जोडते. त्याच्या शब्दांत माझेही धर.

त्या शोधात एक हेलिकॉप्टर कोसळलं आणि दोघे जण गेले. त्यांच्या नावाचं विवर चंद्रावर नाही. त्यांनाही या सातांच्या पंगतीला बसव.

इलान रॅमनच्या डायरीची काही पानं सापडली. 60 किलोमीटर उंचीवर यान फुटलं, आग झाली, आणि कागद जमिनीवर येऊन पडले. त्यांतल्या एकावर शब्बाथच्या संध्याकाळी म्हणायची प्रार्थना त्याने हाताने उतरवून घेतली होती, वर नीट म्हणता यावी म्हणून. तुझी स्तुती करताना चुकू नये, ही काळजी कक्षेत जाणाऱ्या माणसालाही होती.

त्याने बरोबर एका चित्राची प्रतही नेली होती. पेत्र गिंझ या प्रागच्या ज्यू मुलाने तेरेझिनच्या नाझी छावणीत काढलेलं चित्र: चंद्रावरचे टोकदार डोंगर आणि त्यांच्या वर, काळ्या आकाशात, पृथ्वी. ज्या मुलाला छावणीच्या भिंतीबाहेर जायची मुभा नव्हती, त्याने चंद्रावर जाऊन आपलं घर पाहिलं. 1944 साली ऑश्विट्झमध्ये त्याला मारलं, तेव्हा तो 16 वर्षांचा होता. त्याचा जन्म 1 फेब्रुवारी 1928 चा. कोलंबिया फुटलं त्या दिवशी तो पंचाहत्तर वर्षांचा झाला असता.

मला जे सलतं ते आता सांगते. त्या चित्रात पृथ्वी आहे, आणि रॅमनच्या विवरातून पृथ्वी कधीच दिसणार नाही. कल्पनाच्याही नाही. चंद्राच्या आमच्याकडच्या बाजूला उभं राहिलं तर पृथ्वी आकाशात जवळजवळ एकाच जागी लटकलेली दिसते, कलेकलेने वाढते-घटते. अपोलोच्या खोऱ्यात ती उगवतच नाही. कर्नाल नाही, हिमालय नाही, समुद्राचा निळा रंग नाही. ज्या मुलीला लहानपणापासून विमानांचं वेड होतं, जी चंडीगडला अभियांत्रिकी शिकली, टेक्ससला गेली, कोलोरॅडोत डॉक्टरेट केली, 1997 साली पहिल्यांदा वर जाऊन जिने ही सगळी पृथ्वी एका खिडकीत पाहिली, तिचं नाव आम्ही अशा ठिकाणी लिहिलं जिथून यातलं काही दिसत नाही. हे बरोबर झालं का, देवा?

तुझ्याकडून याचं उत्तर आलेलं नाही. नकाशा पाहताना मात्र एक गोष्ट ध्यानात येते. 28 जानेवारी 1986 ला उड्डाणानंतर 73 सेकंदांत फुटलेल्या चॅलेंजर यानाचे सात जण त्याच अपोलोच्या परिसरात आहेत. 27 जानेवारी 1967 ला जमिनीवरच्या चाचणीत, बंद कुपीत लागलेल्या आगीत गेलेले ग्रिसम, व्हाइट आणि चॅफी तिथेच जवळ आहेत. आणि आणखी दक्षिणेला, त्याच महाखोऱ्यात, आमच्या मुंबईचे होमी भाभा आहेत, ज्यांचं विमान 24 जानेवारी 1966 ला माँ ब्लाँच्या डोंगरावर आदळलं. घरून निघाले आणि घरी परतले नाहीत अशांची ही वस्ती आहे. चारही तारखा नऊ दिवसांत मावतात. जानेवारी सरत आला की मी सकाळी दिवा लावताना ही नावं म्हणते. पृथ्वी दिसत नसली तरी कल्पनाला शेजार आहे, हे म्हणताना कळत जातं.

तिच्या नावाचं आणखी एक काही होतं, ज्याचं तोंड आमच्याकडे होतं. सप्टेंबर 2002 मध्ये श्रीहरिकोट्याहून हवामानाचा उपग्रह गेला होता, मेटसॅट नावाचा. ती गेल्यावर काही दिवसांतच भारताने त्याला कल्पना-1 हे नाव दिलं. सुमारे 36 हजार किलोमीटर उंचीवरून तो पुढची कित्येक वर्षं ढगांची चित्रं पाठवत राहिला. मृग लागला आणि पाऊस ओढ देऊ लागला की आमच्या गावात बातम्यांमधलं ते चित्र बघायला माणसं थांबत. काळपट समुद्रावरचा पांढरा पुंजका कोकणाकडे सरकतो आहे का, घाट ओलांडून आपल्याकडे येईल का, बी घरात ठेवायचं की रानात टाकायचं. त्या चित्रामागे कुणाचं नाव होतं हे बहुतेकांना ठाऊक नव्हतं. तुला ठाऊक होतं. तो उपग्रह आता थांबला आहे. ज्यांनी त्याच्या भरवशावर पेरणी केली त्यांच्या वतीने मी तिला दुवा देते, आणि तो तिच्यापर्यंत पोचवायचं काम तुझ्याकडे सोपवते.

2 जून 2024 ला अपोलोच्या दक्षिण भागात चीनचं चांग-ई 6 उतरलं. मध्ये चंद्र आडवा असल्याने तिथून पृथ्वीशी थेट बोलता येत नाही, म्हणून निरोप पोचवायला वेगळा उपग्रह फिरत ठेवावा लागला. 25 जूनला इनर मंगोलियाच्या गवताळ माळावर कुपी उतरली. आत 1,935.3 ग्रॅम माती. पलीकडच्या बाजूची माती माणसाच्या हाती येण्याची ती पहिली वेळ. तिच्यातून लाव्ह्याचं वय निघालं 280 कोटी वर्षं, आणि त्या महाखोऱ्याच्या आघाताचं सुमारे 425 कोटी. चमचाभर मातीत एवढा काळ तू जपून ठेवला होतास. ज्या हातांनी ती कुपी उघडली त्यांना स्थिर ठेव. देशादेशांतल्या अढीपायी तिचे कण कुणा अभ्यासकाला नाकारले जाऊ नयेत.

त्या बाजूची शांतताही राख. पृथ्वीवरच्या रेडिओचा सारा गोंगाट चंद्राच्या अंगावर अडतो आणि मागे पोचत नाही. पहिले तारे पेटण्याआधीच्या काळातला हायड्रोजनचा क्षीण संदेश ऐकायचा तर तिथेच जाऊन कान लावायला हवा, असं खगोलशास्त्रज्ञ म्हणतात. आम्ही जाऊ तिथे भोंगे लावणारी जात. तिथे जाण्याआधी आम्हाला संयम शिकव.

आणि शेवटचं मागणं. अपोलो 8 पहिल्यांदा चंद्रामागे गेलं तेव्हा सगळा संपर्क तुटला. ह्यूस्टनमध्ये माणसं घड्याळाकडे पाहत बसली, तिघांच्या बायका घरी कान लावून बसल्या. त्या वेळी इंजिन नीट चाललं की नाही, हे पृथ्वीवर कुणालाही कळायचा मार्ग नव्हता. पुढच्या वर्षी अपोलो 11 मधला मायकल कॉलिन्स प्रत्येक फेरीत पाऊणएक तास तिथून एकटा गेला. यापुढेही माणसं जातील. अमेरिकेची जातील, चीनची जातील, एक दिवस आमची जातील; त्यांत एखादी कर्नालसारख्या गावातून निघालेली मुलगी असेल. त्यांच्या यानाचा प्रत्येक सांधा, पंखाची प्रत्येक कड कुणीतरी स्वतः जाऊन पाहिलेली असू दे. कुणी शंका काढली तर उड्डाण पुढे ढकलायची हिंमत त्यांच्या वरिष्ठांना दे. ती माणसं चंद्राआड जातील तेव्हा घरी बसलेल्यांच्या जिवाला धीर दे. आणि ठरलेल्या मिनिटाला त्यांचा आवाज येऊ दे.